वनस्पतीतील ‘कर्करोगनाशक’ घटकाची बातमी कशी तपासावी

एखाद्या पानात, सालीत किंवा मुळात कर्करोग नष्ट करणारे द्रव्य सापडल्याची बातमी वाचली, की ती खरी की खोटी हे ठरवण्याची घाई करू नये. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन मिळाले, पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल मिळाले आणि ही दोन्ही औषधे आजही केमोथेरपीत वापरली जातात. त्यामुळे ‘झाडपाल्यात काय असणार’ हे म्हणणे जितके चुकीचे आहे, तितकेच ‘झाडातले आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हेही चुकीचे आहे. बातमीतला घटक औषध होण्याच्या वाटेवर नेमका कुठवर आला आहे, एवढे मात्र सामान्य वाचकालाही शोधता येते.

प्रथम प्रयोग कशावर झाला हे सांगणारे वाक्य शोधावे. ते बहुधा मथळ्यापासून बरेच खाली असते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी, उंदीर आणि माणसे या तीन अगदी वेगळ्या पायऱ्या आहेत. बशीतल्या पेशी मारणे मुळीच अवघड नाही, मीठ प्रमाणाबाहेर झाले तरी त्या मरतात. म्हणून तेच द्रव्य निरोगी पेशींवरही टाकून पाहिले होते का आणि त्या किती मात्रेपर्यंत तगल्या, हे विचारावे. याचा उल्लेखच नसेल, तर बातमी तेवढ्यावर बाजूला ठेवायला हरकत नाही.

त्यानंतर मात्रा पाहावी. माझ्या मते सर्वाधिक फसगत इथेच होते. हळदीतील कर्क्युमिनचे उदाहरण घेऊ. पेशींवरील प्रयोगांत त्याचे प्रमाण बहुधा १० मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. कर्क्युमिनचा रेणुभार सुमारे ३६८ आहे, म्हणजे हे प्रमाण लिटरमागे साधारण ३.७ मिलिग्रॅम होते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि जे थोडे शोषले जाते त्याचे रूप आतडे व यकृत झटपट पालटून टाकतात, त्यामुळे तोंडाने काही ग्रॅम घेतले तरी रक्तातील मुक्त कर्क्युमिन या पातळीच्या खूप खाली राहते. शिवाय हा रेणू अस्थिर आहे, प्रकाश पडला की स्वतःच चमकतो आणि अनेक प्रथिनांना सरसकट चिकटतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचण्यांत तो परिणामकारक असल्याचा आभास निर्माण होतो. औषधी रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली घेतलेल्या एका सविस्तर आढाव्यात नेमका हाच इशारा दिला होता.

पुढचा प्रश्न असा की, बातमी संपूर्ण वनस्पतीची आहे, अर्काची आहे की शुद्ध केलेल्या एका रेणूची? १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे सदाफुलीच्या अर्काचा मधुमेहाच्या दृष्टीने अभ्यास करत होते. उंदरांच्या रक्तातील साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या आणि त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टीन हे कर्करोगावरचे औषध हाती लागले. व्हिन्क्रिस्टीन त्याच वनस्पतीतून त्यानंतर वेगळे केले गेले. प्रौढ रुग्णाला व्हिन्क्रिस्टीन एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. ते फक्त शिरेतून दिले जाते आणि चुकून मणक्यातील द्रवात गेले तर प्राणघातक ठरते. पानांत ते अत्यल्प असते आणि त्याचे प्रमाण रोपागणिक बदलते. म्हणून सदाफुलीचा काढा पिणाऱ्याला औषध मिळत नाही, न मोजलेली विषारी अल्कलॉइड्स तेवढी मिळतात.

घटकाला औषध होईपर्यंत किती काळ लागला, यावरूनही बरेच कळते. यूच्या सालीचा नमुना १९६२ साली गोळा झाला, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटाने पॅक्लिटॅक्सेलची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली, पेशीविभाजनाच्या वेळी ते पेशीतील सूक्ष्मनलिकांना (विभाजनासाठी लागणाऱ्या बारीक नळ्यांना) जखडून ठेवते हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवले आणि अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९२ साली. मधल्या काळात साल काढल्याने झाडच मरते, ही अडचण होतीच. ती पुढे यूच्याच दुसऱ्या जातीच्या पानांतील रेणूपासून औषध घडवून सुटली. वॉल आणि वाणी यांनीच १९६६ साली प्रसिद्ध केलेले कॅम्प्टोथेसिन तर सुरुवातीच्या मानवी चाचण्यांत मूत्राशयाला इजा करू लागले आणि थांबवावे लागले. त्याच रेणूत फेरफार करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत १९९६ साली मान्य झाली. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बाजारात’ असे वाचले, तर भुवया उंचवाव्यात.

माणसांवर चाचणी झाली असेल, तर तुलनेसाठी दुसरा गट होता का, गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे पाडले होते का आणि मोजले काय, गाठीचा आकार की आयुष्य, हे पाहावे. एकट्या रुग्णाच्या अनुभवकथेत आधी झालेली शस्त्रक्रिया बहुधा गाळलेली असते. मात्र कधी कधी तुलनेच्या गटाशिवायही उत्तर स्पष्ट मिळते. जर्दाळूच्या बियांशी जोडल्या जाणाऱ्या लॅट्राइलची चाचणी १७८ रुग्णांवर झाली. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ठोस लाभ आढळला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोकादायक पातळीपर्यंत चढले होते.

उपचार चालू असतील, तर यापलीकडे आणखी एक तपासणी लागते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांना (एन्झाइम्सना) चेतवते; २००२ सालच्या एका लहान अभ्यासात ती घेणाऱ्यांच्या रक्तात इरिनोटेकानच्या सक्रिय रूपाचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले होते. म्हणून कोणतेही चूर्ण, अर्क किंवा गोळी सुरू करण्यापूर्वी तिची बाटली वेष्टनासह कर्करोगतज्ज्ञांना दाखवावी. आधीच सुरू केली असेल, तर कोणत्या तारखेपासून, दिवसातून किती वेळा आणि किती, हे कागदावर लिहून पुढच्या केमोथेरपीच्या आधी त्यांच्या हाती द्यावे.