५० किलोचं पोतं ३८ दिवसांत संपलं तेव्हा: परसातल्या कोंबड्यांचं खाद्य वाया कसं जाऊ द्यायचं नाही

आमच्याकडे नवी मुंबईतल्या घणसोली गावात घरामागे आठ कोंबड्या आहेत, पाच गावठी आणि तीन गिरिराज या सुधारित, मोठ्या जातीच्या. गेल्या वर्षी लेयर मॅशचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या भरड्या खाद्याचं, ५० किलोचं पोतं आणलं आणि ते ३८ व्या दिवशी संपलं, तेव्हा पहिल्यांदा नीट हिशोब मांडला. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते, गावठी थोडं कमीच खाते, तरी सरसकट ११० धरलं तर आठ जणींचे ८८० ग्रॅम होतात, म्हणजे पोतं ५६ दिवस जायला हवं होतं. अठरा दिवसांचं खाद्य गेलं कुठे? दिवसाला चारशे ग्रॅमच्या वर!

सासूबाईंच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. सिडकोनं जमिनी घ्यायच्या आधी घरचं भात पिकायचं, अंगणात मूठभर फेकलं की कोंबड्या दाणा न् दाणा वेचायच्या, वर गवतातले किडे, उकिरडा, सगळं होतं. आता मागे दहा बाय आठची जागा, खाली कोबा, आणि खाद्य विकतचं. मॅश म्हणजे पीठच, ते जमिनीवर सांडलं की दाण्यासारखं वेचता येत नाही, विष्ठेत मिसळतं आणि गेलं. त्यामुळे अंगणात फेकायची जुनी सवय मॅशला चालत नाही हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलांनासुद्धा.

काहीही बदलायच्या आधी दोन दिवस फक्त मोजा. किचनमधला वजनकाटा पुरतो. पहिल्या दिवशी फीडरखाली जुनी चादर किंवा मोठी परात ठेवा आणि संध्याकाळी त्यात पडलेलं विष्ठा बाजूला काढून मोजा, ते झालं कोंबड्यांनी सांडलेलं. दुसऱ्या दिवशी कोंबड्या दांडीवर बसल्या की फीडर मोजा आणि पहाटे त्या उतरायच्या आत परत मोजा. कोंबडी अंधारात खात नाही, त्यामुळे रात्रीत जे कमी झालं ते उंदीर-घुशीचं. आमच्याकडे दिवसा अडीचशे ग्रॅम सांडलेलं निघालं आणि रात्रीत दीडशेच्या आसपास गायब. हे आकडे कळल्यावर कशाच्या मागे लागायचं ते आपोआप ठरतं, नाहीतर माणूस नुसताच महागडा फीडर घेऊन येतो.

आता सांडतं कसं ते बघायचं असेल तर सकाळी खाद्य घातल्यावर पाच मिनिटं शेजारी बसा. आमची तांबडी कोंबडी आधी चोच मॅशमध्ये खुपसते, मग डावीकडे एक झटका, उजवीकडे एक झटका, पीठ बाहेर उडतं आणि खालून मक्याचा तुकडा वर आला की तो टिपते. परत तेच. तिला भरडलेला मका हवा असतो. आणि उडालेल्या त्या पिठातच सोयाबीन पेंडेची भुकटी, व्हिटॅमिन-मिनरल असं सगळं असतं, म्हणजे खाद्य वाया जातंच, वर कोंबडीला अर्धवटच आहार मिळतो. अंड्याची कवचं पातळ यायला लागली तर हे पण एक कारण असू शकतं.

याच्यावर सगळ्यात जास्त फरक पडला तो फीडरच्या उंचीने. आमचा फीडर जमिनीवर होता, कोंबड्या त्यात पाय घालून उकरायच्या. फीडरचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आला पाहिजे, म्हणजे तिला मान थोडी वर करून खावं लागतं आणि झटका मारला तरी बरंचसं आतच पडतं. साखळीने टांगला तर उत्तम, नाहीतर खाली विटा. गावठी आणि गिरिराज एकत्र असतील तर छोट्या कोंबडीच्या पाठीवरून माप घ्या, मोठी वाकून खाईल पण छोटी उपाशी राहता कामा नये. पिल्लं वाढवत असाल तर दर आठवड्याला एकेक कडी वर घ्यायची.

दुसरं म्हणजे फीडर काठोकाठ भरू नका. एक तृतीयांश भरा, फार तर अर्धा. सकाळी एकदा, चारच्या सुमाराला एकदा असं दोन वेळा थोडं थोडं घातलं की उडवायला खाद्यच वर येत नाही. ज्यांना ऑफिसमुळे दिवसातून एकदाच जमतं त्यांनी झाकणाच्या बादलीला खालच्या बाजूला पीव्हीसीचे एल्बो, म्हणजे पाईपचे वाकडे तुकडे, बसवून घ्या, कोंबडी डोकं आत घालून खाते आणि सांडलेलं आतच पडतं. उभ्या पाईपचा फीडर मात्र मला मॅशसाठी आवडला नाही, पावसाळ्यात आपल्याकडची हवा एवढी दमट असते की मॅश पाईपात घट्ट बसतं, वरून भरलेला दिसतो आणि खाली कोंबड्या रिकाम्या तोंडावर चोच मारत असतात. पाईप वापरायचाच तर क्रम्बल किंवा पेलेट, म्हणजे दाबून दाणे किंवा गोळ्या केलेलं खाद्य, घ्या. तसंही जवळपास मिळत असेल तर मॅशऐवजी क्रम्बल बरं, प्रत्येक दाण्यात सगळं असतं म्हणून निवडून खाता येत नाही. आणि फीडर एकाऐवजी दोन ठेवा, थोडे लांब लांब, कारण एक दादागिरी करणारी कोंबडी असतेच आणि तिच्या धक्काबुक्कीत पण पुष्कळ सांडतं.

मॅशच घालत असाल तर सकाळचं ओलं करून घाला. पाणी किती? मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा, एवढंच. पातळ नाही. अर्ध्या-पाऊण तासात संपेल तेवढंच भिजवायचं आणि उरलं तर काढून भांडं धुवायचं, मे महिन्याच्या उकाड्यात दुपारपर्यंत ते आंबतं.

पाण्याचं भांडं फीडरला चिकटून ठेवू नका, चार-पाच फूट लांब असू दे. कोंबड्या तोंडात खाद्य घेऊन पाण्यात चोच बुडवतात, पाणी घाण होतं आणि तळाला खाद्याचा चिखल बसतो. पण पाणी कधीच संपू द्यायचं नाही, पाणी कमी पडलं की खाणं कमी होतं आणि अंडी पण.

उंदीर-घुशींचं मात्र गंभीरपणे घ्या, हे फक्त दीडशे ग्रॅमचं काम नाही. पावसाळ्यात आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिसच्या (लेप्टो) तापाची भीती असते आणि तो उंदरांच्या मूत्रातून पसरतो, त्याच खुराड्यात आपण अनवाणी शिरतो, मुलं अंडी काढायला जातात. रात्री फीडर उचलून घरात ठेवा, एवढ्या एका गोष्टीने आमचं रात्रीचं नुकसान चार दिवसांत थांबलं. खाली सांडलेलं संध्याकाळीच झाडून घ्या. नेहमीची षटकोनी जाळी घूस कुरतडते, त्याऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी, लावा आणि खाली फूटभर पुरा, कोबा असेल तर सिमेंटने कड बंद करा. विष घालू नका, हात जोडून सांगते. मेलेला उंदीर कोंबडीने टोचला, मांजराने खाल्ला, घारीने उचलला तर त्यांचाही जीव जाऊ शकतो. पिंजरा लावा.

कबुतरं-कावळे दिवसा येतात, त्यांच्यासाठी फीडरवर छप्पर आणि बाजूने जाळी. खाद्य वाचतं हे एक, पण २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हापासून बाहेरच्या पक्ष्याने माझ्या कोंबड्यांच्या ताटात खाल्लेलं मला अजिबात नको वाटतं.

साठवणीत पावसाळा घात करतो. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतंच आणा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा पिंप घ्या, ते विटांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, आणि जुनं तळाला ठेवून वरून नवं ओतू नका. एकदा मी एका दुकानातून सुट्टं खाद्य आणलं, वरून छान, आत गुठळ्या आणि कुबट वास. मनाला खूप लागलं पण सगळं फेकलं. मक्यावर आणि शेंगदाणा पेंडेवर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते कोंबडीच्या लिव्हरवर जातं आणि उन्हात वाळवून ते जात नाही. त्यामुळे वाचवायचं म्हणून असलं खाद्य घालू नका. घेतानाच हात आत घालून वास घ्या.

घरातलं उरलेलं दुपारनंतर द्या, सकाळी पोटभर मॅश खाल्ल्यावर. आधी भात दिला तर त्या मॅश तसंच ठेवतात. भाजीचे देठ, शेवग्याचा पाला, कोबीची वरची पानं जुडी बांधून टांगा, जमिनीवर टाकलं तर अर्धं तुडवलं जातं. मासळीची डोकी उकडून, मिठाशिवाय, कधीतरीच, रोज दिली तर अंड्याला वास मारतो. सुकट खारट असते, ती नको. बुरशी आलेला पाव तर मुळीच नको. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला कवचासाठी लागतो ती स्वतः येऊन खाते, खाद्यात मिसळला तर तो पण उडवून वाया जातो.

एवढं सगळं करूनही खाद्य जास्त लागत असेल आणि कोंबडी हलकीच लागत असेल तर पोटात जंत असू शकतात, विष्ठा घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, मनाने औषध देऊ नका.

आणि नवं पोतं फोडाल त्या दिवशी त्याच्यावर मार्करने तारीख लिहा, कोंबड्यांची संख्या लिहा, किती दिवस जायला हवं तो आकडा लिहा. आमचं गेलं पोतं ५३ दिवस गेलं. आत्ताच्या पोत्यावरही तारीख आहे आणि अजून तरी ते हिशोबात चाललंय.