साउथ आफ्रिकेची फुटबॉल लीग बघायची असेल तर सुरुवात कुठून करायची

आधी सर्चचं सांगतो, या लीगचं नाव प्रीमियर सॉकर लीग म्हणजे पीएसएल, पण नुसतं पीएसएल टाकलंत तर पाकिस्तानचं क्रिकेट समोर येणार, म्हणून स्पॉन्सरचं नाव लावून शोधा. आणि ते नाव बदलत राहतं बरं का, 2020 पर्यंत अब्सा प्रीमियरशिप, मग डीएसटीव्ही आणि 2024 पासून बेटवे, लीग तीच आहे. जुने रिझल्ट काढताना हे लक्षात ठेवा.

पॉइंट्स टेबलपासून मात्र सुरुवात करू नका. वर बघाल तर मामेलोडी सनडाउन्स, प्रिटोरियाची टीम, ब्राझीलसारखी पिवळी जर्सी, 2018 ते 2025 सलग 8 टायटल, मालक असलेल्या अब्जाधीश मोत्सेपे फॅमिलीचा पैसा, मग नवीन माणूस म्हणतो की एकच टीम जिंकते तर बघू कशाला. खेळतात भारी, यात वाद नाही. पण ओढ लागायची तर सोवेटो डर्बीच बघा, म्हणजे जोहान्सबर्गच्या सोवेटो भागातल्या दोन टीमची आपसातली मॅच, कायझर चीफ्स आणि ऑरलँडो पायरेट्स.

पायरेट्स 1937 ची टीम, काळा-पांढरा रंग, कवटीचं चिन्ह. त्यांचाच प्लेयर कायझर मोटाउंग अमेरिकेत अटलांटा चीफ्सकडून खेळायला गेला आणि परत आल्यावर 1970 मध्ये त्याने स्वतःचाच क्लब काढला, नावात कायझर पण आलं आणि चीफ्स पण. म्हणजे हे भावकीतलं भांडण आहे, त्यामुळेच जास्त कडू. मॅच असते एफएनबी स्टेडियमवर, 2010 च्या वर्ल्डकपची फायनल झाली तेच. चीफ्सनी 2015 नंतर 10 वर्षं लीग जिंकली नव्हती तरी डर्बीला गर्दी तशीच, रंगवलेली मकरापा हेल्मेटं, वुवुझेला नावाच्या कर्कश पिपाण्या, सगळं. पहिल्यांदा बघताना आवाज थोडा कमी ठेवा.

फॉरमॅट सोपा आहे, 16 टीम, प्रत्येकी 30 मॅच, ऑगस्ट ते मे. शेवटची टीम थेट खाली, पंधरावी खालच्या डिव्हिजनच्या दोन टीमशी प्लेऑफ खेळते. म्हणून एप्रिल-मे मध्ये टेबल खालून वर वाचा, खरी मारामारी तिथे असते. आठव्या नंबरचीही चुरस असते कारण पहिल्या आठांनाच पुढच्या सीझनच्या सुरुवातीला एमटीएन एट कप खेळता येतो.

आता सगळ्यात गोंधळाची गोष्ट. इथे क्लब आपली लीगमधली जागाच विकू शकतो, आणि विकतात! बिडवेस्ट विट्स 1921 चा क्लब, 2017 ची लीग जिंकलेला, 2020 मध्ये जागा विकून मोकळा, घेणारा लिम्पोपो प्रांतातला टीटीएम क्लब, आणि वर्षभरात तोही विकला गेला आणि त्याची मारुमो गॅलंट्स झाली. 2021 मध्ये ब्लूमफाँटेन सेल्टिकचीही जागा विकली गेली, 2025 मध्ये सुपरस्पोर्ट युनायटेडची जागा सिवेलेलेने घेतली. फॅन्सना कोण विचारतंय. तेव्हा एखादी टीम टेबलात सापडली नाही तर ती खाली गेली असेल असं लगेच समजू नका, आधी जागा कोणी घेतली ते शोधा.

टायमिंगचं म्हणाल तर तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, त्यांची दुपारी 3 ची मॅच आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. रात्री साडेसातच्या मॅचला आपले 11 वाजतात, दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर पहिला हाफच बघा.