दुचाकी अपघातात जखमी झाल्यास नुकसानभरपाईचा दावा कसा उभा करावा

दुचाकीवरील अपघातात हातपाय मोडलेल्या माणसाला मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार धडक देणाऱ्या वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क आहे, आणि हा दावा जिल्हा पातळीवरील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘एमएसीटी’पुढे चालतो. मात्र किती रक्कम मिळेल हे वकिलाच्या युक्तिवादापेक्षा पहिल्या काही आठवड्यांत दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात कोणत्या नोंदी झाल्या यावर जास्त अवलंबून असते. नंतर शंभर साक्षीदार उभे केले तरी सुरुवातीच्या कागदावरील एक चुकीचे वाक्य पुसणे अवघड जाते. त्यामुळे या मार्गदर्शनाचा मोठा भाग त्या कागदांविषयीच आहे.

दवाखान्यातली पहिली नोंद

जखमीला अपघात विभागात आणल्यावर ड्युटीवरील डॉक्टर ‘हे कसे झाले?’ असे विचारतात आणि सोबत आलेला माणूस घाईघाईत ‘गाडीवरून पडला’ असे सांगतो. केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. पुढे विमा कंपनीचे वकील नेमका हाच कागद काढून ‘दुसऱ्या वाहनाचा संबंधच नाही, दुचाकीस्वार स्वतः घसरून पडला’ असा बचाव घेतात. म्हणून कोणत्या प्रकारच्या वाहनाने, कोठे व किती वाजता धडक दिली, हे नातेवाइकांनी पहिल्याच वेळी स्पष्ट सांगावे, वाहनाचा क्रमांक ठाऊक असल्यास तोही लिहून घ्यायला सांगावा आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे ‘एमएलसी’, झाली आहे याची खात्री करावी. खासगी रुग्णालयातून सरकारी रुग्णालयात हलवले असेल, तर दोन्हीकडची नोंद जुळते का, हेही पाहावे.

उपचाराच्या खर्चाबाबत एक गोष्ट अजूनही अनेकांना माहीत नाही. रस्ते अपघातातील जखमींसाठीची कॅशलेस उपचार योजना, २०२५ त्या वर्षीच्या मे महिन्यात अधिसूचित झाली असून तिच्यानुसार नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळतात. रुग्णालयात दाखल करतानाच या योजनेविषयी विचारावे.

स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर ती वापरायला कचरू नये. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे अपघात दाव्यातील वैद्यकीय खर्चातून वजा करता येणार नाहीत, कारण ते हप्ते भरून केलेल्या स्वतंत्र कराराचे फळ आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. मूळ बिले विमा कंपनीकडे जाणार असतील, तर ती देण्यापूर्वी प्रत्येक बिलाची रुग्णालयाने साक्षांकित केलेली प्रत ठेवावी.

पोलीस ठाण्यात

जखमी शुद्धीवर नसताना समोरच्या चालकाने ठाण्यात आधी पोहोचून आपली हकिकत नोंदवली आणि गुन्हा जखमी दुचाकीस्वारावरच दाखल झाला, असे घडू शकते. असे झाले तर हताश होऊन बसू नये. डॉक्टरांनी जबाब देण्यास योग्य ठरवल्याबरोबर पोलिसांना लेखी कळवून आपला जबाब नोंदवून घ्यावा. फिर्याद घेतली जात नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. टपालाची पोच जपून ठेवावी. दावा निकाली काढताना न्यायाधिकरणाला फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही आणि अपघात सांगितल्याप्रमाणे घडल्याचा अधिक संभव दिसला तरी पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. तरीही एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा हेच निकालाचे पहिले दोन आधार असतात.

पंचनाम्यात टायरच्या घासल्याच्या खुणा, काचांचे तुकडे कोठे पडले, दोन्ही वाहने रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती आणि रस्त्याची रुंदी किती, ही वर्णने नीट वाचावीत. शक्य असेल तर घरच्यांपैकी कोणी त्याच दिवशी जागेचे फोटो काढावेत आणि जवळच्या दुकानाच्या किंवा पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती लेखी द्यावी, कारण जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. फुटलेले हेल्मेट फेकून देऊ नये. तेही पुरावाच आहे.

एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने अपघाताची प्राथमिक माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि हा अहवाल न्यायाधिकरणाने दाव्याचा अर्ज म्हणून विचारात घ्यायचा असतो. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे, पण तिच्यावर विसंबून घरी बसणे शहाणपणाचे नाही. अहवाल गेला का, त्यात वाहनाचा व पॉलिसीचा क्रमांक बरोबर आहे का, हे ठाण्यात जाऊन विचारावे. समोरच्या वाहनाचा विमा त्या दिवशी चालू होता की नाही, हे एम-परिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकूनही पाहता येते.

अपघातस्थळी किंवा ठाण्याच्या आवारात ‘तक्रार नाही’ अशा कागदावर थोड्या पैशांच्या मोबदल्यात सही करू नये. पायाचे हाड जुळेल की रॉड घालावा लागेल, हे त्या दिवशी डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

अर्ज कोठे, किती मुदतीत आणि कोणाविरुद्ध

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील अर्ज अपघात जेथे झाला तेथे, जखमी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे करता येतो. त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या आणि कोल्हापूरजवळ अपघात झालेल्या माणसाने तारखांसाठी तिकडे हेलपाटे मारण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली, अर्जासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्याच्या भरवशावर मुदत टळू देणे धोक्याचे आहे. उपचार चालू असतानाही अर्ज दाखल करता येतो आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर जोडता येते. शिवाय कलम १७१ नुसार व्याज अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना जखमीच्या खिशातून जातो.

अर्जात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामील करावे. समोरच्या चालकाकडे परवाना नसल्यासारख्या काही प्रकरणांत न्यायालये ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश विमा कंपनीला देतात. त्यामुळे तेवढ्या एका कारणावरून कंपनीने हात झटकले म्हणून दावा सोडून देऊ नये.

मागे बसलेल्याची स्थिती थोडी वेगळी आहे. चूक दोन्ही वाहनांची असली तरी मागे बसलेला माणूस गाडी चालवत नव्हता, त्यामुळे आपल्या चालकाच्या चुकीचा वाटा त्याच्या भरपाईतून कापला जात नाही, आणि दोघांपैकी कोणाकडूनही तो संपूर्ण रक्कम मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. मात्र चूक फक्त आपल्याच दुचाकीस्वाराची असेल, तर पॉलिसी कोणती आहे ते पाहावे लागते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्याचा समावेश होत नाही, सर्वसमावेशक पॉलिसीत होतो. मित्राच्या गाडीवर मागे बसताना हे कोणी विचारत नाही, हे खरे.

दुचाकीस्वार स्वतःच्याच चुकीने पडला असेल, तर कलम १६६ चा दावा उभा राहत नाही. तेव्हा मालक-चालकासाठीचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण तपासावे. त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे, पण ते मृत्यू किंवा हात, पाय, डोळा गमावणे अशा कायमच्या हानीसाठी असून साध्या फ्रॅक्चरसाठी नाही, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच मिळते. खड्ड्यामुळे अपघात झाला असेल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जखमींना स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये आणि मृत्यूच्या प्रकरणात ६ लाख रुपये देण्याची जबाबदारी संबंधित रस्ते यंत्रणांवर टाकली आहे. वाहन ठोकरून पळून गेले व सापडलेच नाही, तर कलम १६१ खालील योजनेत गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. तो अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर महसूल विभागाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात करावयाचा असतो.

कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची ठरीव रक्कम मागता येते. चूक कोणाची हे ठरवणे खरोखरच कठीण असेल, तेव्हा हा मार्ग बरा, परंतु कमावत्या माणसाला कायमचे अपंगत्व आले असेल, तर एवढ्यावर थांबणे तोट्याचे ठरते. दोन्ही मार्गांनी पूर्ण रक्कम घेता येत नाही, म्हणून निवड वकिलाशी बोलून करावी.

हेल्मेट, ट्रिपल सीट आणि परवाना

विमा कंपनीचा ठरलेला बचाव म्हणजे जखमीचीही चूक होती. येथे वाहतूक नियमाचा भंग आणि अपघाताचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गाडीवर तिघे होते, एवढ्यावरून सहभागी निष्काळजीपणा ठरत नाही, त्या तिसऱ्या माणसामुळे धडक झाली किंवा जखम वाढली हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. परवाना नसण्याबाबतही २००८ चा तसाच निर्णय आहे. हेल्मेटच्या बाबतीत निकाल एकसारखे नाहीत. पाय मोडलेल्याच्या हेल्मेटचा प्रश्नच गैरलागू आहे, पण डोक्याला मार असेल तर काही न्यायालयांनी कपात केली आहे, काहींनी केलेली नाही.

रक्कम कशी ठरते

जखमींच्या दाव्याचा पाया सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात घातला. उपचार, औषधे, प्रवास व सकस आहाराचा खर्च, उपचारकाळात बुडालेले उत्पन्न, भविष्यातील उत्पन्नाचे नुकसान, पुढचा वैद्यकीय खर्च, आणि वेदना व जगण्यातला आनंद गमावल्याची भरपाई, असे त्याचे भाग आहेत. यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत गोंधळाचा भाग भविष्यातील उत्पन्नाचा असतो.

प्रमाणपत्रावर ‘उजव्या पायाचे ४५ टक्के अपंगत्व’ असे लिहिलेले असते. हे संपूर्ण शरीराचे ४५ टक्के नव्हे, आणि कमाईच्या क्षमतेचे तर नव्हेच. न्यायाधिकरण शेवटी एकच प्रश्न विचारते: या माणसाच्या कामावर या जखमेचा किती परिणाम झाला? डावा हात गेला तर सुताराचे किंवा ड्रायव्हरचे काम जवळजवळ पूर्ण थांबते, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून जखमीने आपले काम नेमके काय होते, त्यासाठी शिडी चढावी लागे की उकिडवे बसावे लागे, हे शपथपत्रात तपशिलाने सांगावे.

एक हिशेब पाहू. २९ वर्षांचा इलेक्ट्रिशियन महिना २०,००० रुपये कमावत होता. स्वयंरोजगार व वय ४० पेक्षा कमी, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले की २८,००० होतात, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार २६ ते ३० वयासाठी गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १७ आहे, त्याने ५७,१२,००० होतात. कमाईच्या क्षमतेचे नुकसान ३० टक्के ठरले तर या एका शीर्षाखाली १७,१३,६०० रुपये आणि १० टक्केच ठरले तर ५,७१,२०० रुपये मिळतात. जखमी स्वतः हयात असल्याने त्याच्या वैयक्तिक खर्चाची वजावट येथे होत नाही. सव्वाअकरा लाखांहून अधिकचा हा फरक केवळ डॉक्टरांच्या साक्षीवर आणि कामाच्या पुराव्यावर उभा असतो. नुसते प्रमाणपत्र जोडून भागत नाही, उपचार करणाऱ्या किंवा तपासणी केलेल्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र सर्वांत चांगले, पण ते नसेल तर बँकेचे खातेउतारे, यूपीआयने आलेले पैसे, ग्राहकांची बिले, मुकादमाचे किंवा मालकाचे पत्र व त्यांची साक्ष यांवर काम भागते. कामावर असताना अपघात झाला असेल, तर कामगार भरपाई कायदा (आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) किंवा मोटार वाहन कायदा यांपैकी एकच मार्ग कलम १६७ नुसार निवडावा लागतो.

तडजोड आणि पैसे हाती येताना

राष्ट्रीय लोक अदालतीत दावा मिटवला तर वर्षे वाचतात, पण तेथील निवाड्यावर अपील नसते. रॉड किंवा प्लेट काढण्याचे ऑपरेशन बाकी असेल, तर त्याच्या खर्चाचे डॉक्टरांचे लेखी अंदाजपत्रक घेतल्याशिवाय आकडा मान्य करू नये. दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या आणि मिळेल त्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या एजंटांपासून दूर राहावे, कारण भरपाईत वाटा ठरवून फी घेणे वकिलांच्या आचारनियमांत निषिद्ध आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातील रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल तर नाही. मंजूर रकमेचा काही भाग अनेकदा मुदत ठेवीत गुंतवण्याचा आदेश होतो. पुढच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा कृत्रिम अवयवासाठी ती ठेव मुदतीपूर्वी मोडायची असल्यास डॉक्टरांचे पत्र जोडून त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा.