रात्री कोण जागतं?

माझी पहिली गृहभेट सोलापूरच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत होती. एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीची परीक्षा संपून दोन महिने झाले होते. हातात चार पानांचा फॉर्म होता आणि तिथं आपल्यालाच रडू आलं तर काय, ही धास्ती होती. यंत्रमागावर आयुष्य काढलेले मामा खाटेवर पडून होते. तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशननंतर परत उलटलेला. मावशी खाटेला टेकून विड्या वळत होत्या. मी नाव, वय, उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग असं एकेक विचारत गेले. मान वर न करता त्या उत्तरं देत होत्या आणि हात थांबत नव्हते.

आमच्या सिस्टरनी मामांची जखम धुऊन पट्टी बांधली, हात पुसले आणि एवढंच विचारलं, "अक्का, रात्री कोण जागतंय?"

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. "मीच ओ. अजून कोण हाय? चार महिने झाले, पाठ टेकली नाही."

पुढच्या वीस मिनिटांत जे कळलं ते माझ्या चार पानांत मावलं नसतं. मुलगा भिवंडीला कामाला. मामा रात्री दर तासाला उठवतात, कारण लाळ घशात अडकते. पान कापताना डोळा लागतो, कात्री बोटावर येते. दिवसाला हजार विड्या व्हायच्या, आता पाचशेसुद्धा होत नाहीत. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आज हाच प्रश्न आधी शिकवते. रोगी कसा आहे हे सगळेच विचारतात. त्याला सांभाळणाऱ्या माणसाची झोप कुणी विचारत नाही.

बरा न होणाऱ्या आजारात रोग्याचं दुखणं हलकं करायचं आणि घरच्यांना आधार द्यायचा, या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सरकारी कागदात परिहारक किंवा उपशामक सेवा असा शब्द सापडेल. घरोघरी मात्र आम्ही 'कॅन्सरवाल्या सिस्टर' आणि 'कॅन्सरवाल्या ताई'. खरं तर आजार फक्त कॅन्सरच असतो असं नाही. किडनी निकामी झालेले, अर्धांगवायूनं खिळलेले, फुप्फुसाच्या जुन्या आजारानं दोन पावलांत धापा टाकणारेही आमच्याकडे असतात. डॉक्टरांनी हात टेकल्यावरच आम्हाला बोलवायचं, हा समज तुम्हाला फार भेटेल. आजार बरा होणारा नाही असं कळतं तेव्हापासूनच, चालू उपचारांच्या सोबतीनं हे काम सुरू व्हायला हवं. उशिरा बोलावलं की आमच्या हाती फक्त धावपळ उरते.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या रोग्यांची सेवा करणारी संस्था) सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी 'टोटल पेन' ही कल्पना मांडली. शरीराचं दुखणं, मनाची भीती, घरातली ओढाताण, पैशाची चिंता, 'मलाच का' हा प्रश्न, हे सगळं मिळून एकच वेदना होते. वर्गात मी ही व्याख्या पाठ केली होती. ती समजली जोडभावी पेठेतल्या एका आजोबांच्या घरी. त्यांच्या गालाची जखम फुटली होती आणि तिला वास येत होता. घरच्यांनी खाट मागच्या खोलीत हलवली होती, नातू दारातूनच परत जायचा. आजोबा बोलेनासे झाले होते. त्यांना समुपदेशनाची गरज आहे असं मी नोंदवलं. डॉक्टरांनी जखमेवर मेट्रोनिडाझोलची पूड लावायला सांगितली. आठवडाभरात वास बराच कमी झाला, खाट पुढच्या खोलीत आली आणि नातू पायथ्याशी बसून मोबाइलवर क्रिकेट बघायला लागला. आजोबा स्कोअर विचारायला लागले. मी एक शब्दही समुपदेशन केलं नव्हतं. मनाचं काम करायला आलात तरी जखम, तोंडाची सफाई, दर दोन तासांनी कूस बदलणं हे सगळं शिकून घ्या. माणसाचं एकटेपण कधी कधी पट्टीखाली असतं.

मॉर्फिनबद्दलही नीट शिकून घ्या. गोळी देणं आणि मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम, पण घरातली भीती तुमच्याजवळ बोलली जाते. "नशेची गोळी हाय म्हणे", "ही दिली म्हणजे शेवटच आला". शांतपणे सांगा की ही दुखण्यावरची गोळी आहे. दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायची, सोबत पोट साफ राहायचं औषध हवंच, सुरुवातीचे काही दिवस गुंगी किंवा मळमळ होऊ शकते. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की वेदनेनं तळमळणाऱ्यालाही हे औषध मिळणं अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी वाट बरीच सोपी झाली. आपल्या भागात ते कुठं मिळतं हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

दुखणं मोजायला शून्य ते दहाचा तक्ता शिकवतात. शहराच्या पूर्व भागातल्या आजींना तो देऊन बघा, त्या तुमच्याकडे बघत राहतील. मी विचारते, "रुपयातलं किती आणे दुखतंय?" उत्तर लगेच येतं, "बारा आणे." आणि सोलापुरात नुसत्या मराठीवर भागत नाही. दुखण्याला तेलुगूत 'नोप्पी' म्हणतात, कन्नडमध्ये 'नोवु'. झोपेला 'निद्र' आणि 'निद्दे'. एवढे चार शब्द जिभेवर असले तरी आजी तुमचा हात धरतात. नातवाला दुभाषी करू नका. आजीचं रक्त जातंय हे दहा वर्षांच्या पोरानं का सांगावं?

वेळेचंही बघा. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, रोगी तर तिथं दिवसभर असतो. आम्ही एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत भेटी उरकतो. कुठल्या पेठेत नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, हे माझ्या वहीत लिहिलेलं असतं. काही दिवसांआड येणारं पाणी भरायचं सोडून घरची बाई तुमच्याशी बोलत बसणार नाही. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे कपडे, चादरी धुवायला किती पाणी लागतं याचा हिशेब त्या घरातच कळतो. शेजारणीला एक पिंप भरून ठेवायला सांगणं हासुद्धा माझ्या कामाचा भाग आहे.

सगळ्यात अवघड वाक्य दारातच ऐकू येतं, "त्यांना काही सांगू नका." सुरुवातीला मला या नातेवाइकांचा राग यायचा. आता येत नाही. त्यांना वाटतं, नाव घेतलं की माणूस खचेल. मी त्यांना दोन गोष्टी सांगते. मी आपणहून सांगणार नाही, आणि त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. मग रोग्याजवळ बसून विचारते, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" एका काकांना घरच्यांनी सहा महिने 'गाठ आहे, विरघळेल' असं सांगितलं होतं. काका म्हणाले, "बार्शीला नेलं तवाच कळलं. बार्शीला कुणी सर्दीसाठी नेतं का?" आपल्या जिल्ह्यात बार्शी म्हटलं की नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच डोळ्यांसमोर येतं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथंच सुरू झाली. मग काका हळूच म्हणाले, "बायकोला सांगू नका पण. ती घाबरंल." बायको स्वयंपाकघरात पदर तोंडाशी धरून उभी होती. त्या दिवशी दोघांना एका खाटेवर बसवलं आणि मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या भेटीत बँकेचं पासबुक आणि घराचे कागद खाटेवर काढून ठेवलेले होते.

कागदांचं काम कोरडं वाटतं म्हणून पुढं ढकलू नका. रोग्याला सही करता येते तोवर बँकेत नॉमिनीचं नाव लागलंय का, ते बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरसारख्या गंभीर आजाराचे रोगीही बसतात, अर्ज तहसीलकडे जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचीही नीट माहिती ठेवा. इथं माझी एक चूक सांगते. एका बाईंना मी म्हटलं होतं, "महिनाभरात अनुदान सुरू होईल." कागद एका कार्यालयात अडकला, पैसे यायच्या आधी त्यांचा नवरा गेला आणि माझ्या शब्दावर त्यांनी किराणा उधारीवर आणला होता. तेव्हापासून मी तारखेचं वचन देत नाही. अर्ज कुठपर्यंत गेला, एवढंच सांगते.

शेवटच्या दिवसांत भांडण जेवणावरून होतं. "काही खात नाहीत, सलाइन तरी लावा." शरीर मिटत चाललं की भूक आधी जाते. तेव्हा सलाइननं ताकद येत नाही, कधी कधी अंगावर सूज चढते आणि छाती भरते. हे डॉक्टरांनी समजावायचं असतं. आपण बघायचं ते वेगळं. पातळ आंबील भरवणारा हात एकदम रिकामा होतो, त्याला काहीतरी हवं असतं. ओल्या कापसानं ओठ भिजवणं, पायाला तेल लावणं, वाऱ्याची झुळूक चेहऱ्यावर येईल असा पंखा ठेवणं. "उपाशी मारलं" हा सल घरच्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहतो. तो आत्ताच बोलून घ्या.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगते. एमएसडब्ल्यू, नर्सिंग, फिजिओथेरपी, यांतल्या कुठल्याही वाटेनं येता येतं. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा पायाभूत सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर-नर्सनी जरूर करावा. पुण्यात वारज्याला १९९७ पासून चालणारं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. परवानगी घेऊन ते बघून या, पुस्तकापेक्षा जास्त कळतं. २०१२ पासून या सेवेसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे, त्यामुळे सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडेही चौकशी करा. कोण कुठं अंथरुणावर आहे, हे आशाताईंना ठाऊक असतं.

स्वतःच्या घरात अलीकडेच कुणी गेलं असेल तर थोडं थांबा, निदान टीमला सांगून या. मी आई गेल्यावर तीन महिन्यांत परत आले आणि एका घरात खाटेवरच्या बाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघून मला उठून जावं लागलं. टीमनं माझी दोन घरं महिनाभर दुसरीकडे दिली. शनिवारी आम्ही गोल बसतो, आठवड्यात जे गेले त्यांची नावं घेतो आणि कुणाला काय जड गेलं ते बोलतो. ती बैठक चुकवू नका. रोग्याच्या घरी स्वतःचे पैसे देऊ नका, कितीही वाटलं तरी. आधी टीमशी बोला.

माणूस गेल्यावर तेराव्याला जायची घाई करू नका. तेव्हा घर भरलेलं असतं. पाहुणे परतले की महिन्याभरानं जा.

विडी घरकुलातल्या मावशींकडे मी तशी गेले. मामांची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. सूप मांडीवर होतं. मी विचारलं, "आता झोप लागते का, मावशी?"

"दोन वाजता जाग येतेच की," त्या म्हणाल्या. "उठून बसते. उठवलं कुणी, काय की. मग पानं कापत बसते."

मी फॉर्म काढला नाही. कात्री मागून घेतली आणि त्यांच्याजवळ बसून भिजलेली पानं कापायला लागले. माझी पानं वाकडी होत होती. त्या एकेक उचलून सरळ करत होत्या आणि मामांनी मागावर काढलेल्या पहिल्या चादरीबद्दल सांगत होत्या. निघताना पुढच्या भेटीची तारीख मी त्यांच्या कॅलेंडरवर लिहिली.