नवी बॅटरी टाकूनही सेल्फ लागत नव्हता, दोष अर्थिंगमध्ये निघाला

बाइकचा सेल्फ दाबला की नुसतं ‘टक’. किक मारली की मात्र लगेच चालू. आधी बॅटरी बदलली, मग रिले (मोटरला करंट देणारा स्विच), मग सेल्फ मोटरचे कार्बन. पैसे गेले, भर पावसात किक मारणं काही सुटलं नाही.

शेवटी मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवला, गाडी न्यूट्रलमध्ये. बॅटरीवर 12.7, सेल्फ दाबून धरल्यावर 12.1. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा मोटरच्या टर्मिनलवर. सेल्फ दाबताना 0.3, ठीक. आता काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर (रंगावर टेकवू नका). सेल्फ दाबला आणि 4.8! इथे 0.2 च्या आत हवं. म्हणजे बॅटरीची मायनस इंजिनला जोडणाऱ्या अर्थ वायरमध्येच व्होल्टेज वाया जात होतं.

याच अर्थ वायरने मीटरच्या कंटिन्युटीला (जोड तुटलेला नाही ना, हे बघायच्या टेस्टला) व्यवस्थित बीप दिला होता. वायरमधली एक तार शाबूत असली तरी बीप येतो. खरा दोष लोड आल्यावरच, म्हणजे मोटर जोरात करंट ओढते तेव्हाच दिसतो.

बॅटरीची मायनस सोडवली, इंजिनकडचा बोल्ट काढला. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आतून हिरवा पडलेला. तेवढ्याच जाडीची नवी वायर टाकली, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं: 0.1. सेल्फ पहिल्याच दाबाला लागला.