शनिवारी स्लॅब टाकू नका : मिस्त्रींकडे शिकलेलं

आमचे मिस्त्री एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले. साठ वर्षं त्यांनी माणसांची राहती घरं बांधली. दर रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासनेला आणि रोज दिवेलागणीला घरी, हे दोन नेम त्यांनी कुठल्याही मालकासाठी मोडले नाहीत. बांधकामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. ओळंबा, पाणसळ, तीन-चार-पाचने काटकोन काढणं हे तुम्हाला येत असेलच. मी फसले ते वेगळ्याच ठिकाणी.

मिस्त्री शनिवारी स्लॅब कधीच टाकत नसत. मला ती त्यांची धार्मिक अडचण वाटायची. स्वतःचं पहिलं काम मिळालं तेव्हा सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा आणि टेकू) शुक्रवारी पुरं झालं, मालकाला घाई होती, मी शनिवारी स्लॅब टाकला. संध्याकाळी फिनिशिंग झालं आणि सगळे घरी गेले. रविवारी कामावर कोणी नाही. दिवसभर ऊन, वर वारा. सोमवारी सकाळी गेले तर पृष्ठभागावर केसासारख्या भेगांचं जाळं पसरलेलं. घाईघाईने पाणी मारलं, पण पुढच्या पावसात छत गळलं आणि दुरुस्ती माझ्या पैशांतून झाली.

हे नीट समजून घ्या, कारण कॉलेजात मीही ते नुसतं पाठ केलं होतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होतं, आणि आत ओल असेपर्यंतच ती क्रिया चालते. ओल गेली की क्रिया मंदावते, थांबते. मग नंतर कितीही पाणी ओता, गेलेली ताकद पूर्ण भरून येत नाही. 28 दिवसांत जी ताकद मोजतात, तिचा साधारण दोन तृतीयांश भाग पहिल्या 7 दिवसांत येतो. म्हणून 7 दिवस पाणी हवंच, मिश्र सिमेंट (फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेलं) असेल तर किमान 10. आता हिशेब करा. सलग 7 दिवसांत एक रविवार येणारच, तो टळत नाही. तो पहिलाच दिवस असावा की पाचवा, एवढंच आपल्या हातात असतं. मिस्त्री मंगळवारी स्लॅब टाकत. ताज्या पृष्ठभागाला ऊन-वारा लागू नये म्हणून लगेच झाकत. बुधवारी स्लॅबवर वाफे, म्हणजे छोट्या बांधांचे चौकोन, बांधून पाणी भरत. रविवार येईपर्यंत वाफ्यांत दोन बोटं पाणी उभं असे, त्यात नुसती भर घालायची.

ती भर ते स्वतः घालत. उपासना संपली की धाकट्या मुलीचं बोट धरून थेट कामावर. रविवारी काम कसं करता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “पोरी, मेंढरू खड्ड्यात पडलं तर शब्बाथ दिवशीही, विश्रांतीच्या दिवशीही, वर काढायचं, असं प्रभूच म्हणाले ना? हे मेंढरूच आहे.”

माझ्या भेगा पाहून ते ओरडले नाहीत. गुडघे टेकून तळवा फिरवला आणि “रविवारी कोण होतं इथे?” एवढंच विचारलं. ओरडणाऱ्या गुरूंकडे मी दोन वर्षं काढली होती. तिथे फक्त चुका लपवायला शिकले. जो स्वतः गुडघे टेकून बघत नाही, त्याच्या हाताखाली थांबू नका, पगार बरा असला तरी.

आणखी एक. माल पसरायला जड जातो म्हणून कोणी वरून पाणी ओतू लागला तर हात धरा. ताकद पाणी-सिमेंटच्या प्रमाणावर ठरते, हे अमेरिकन संशोधक डफ अब्राम्स यांनी 1918 मध्येच दाखवून दिलंय. प्रमाण 0.5 असेल तर 50 किलोच्या गोणीला 25 लिटर, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. इथे भीड ठेवू नका. क्युरिंग कंपाउंडला (ओल उडू नये म्हणून काँक्रीटवर फवारतात त्या द्रवाला) माझा विरोध नाही, पण “फवारलंय, आता बघायला नको” असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

पहिल्या कामात चूक झाली म्हणून हातपाय गाळू नका. मी महिनाभर झोपले नव्हते. ते छत दुरुस्त झालं, आज कोरडं आहे, त्याखाली माणसं राहतात.

मिस्त्रींच्या अंत्यविधीला चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. सुतार, प्लंबर, सेंट्रिंगवाले, त्यांनी बांधलेल्या घरांत लहानाचे मोठे झालेले लोक, आणि पुढच्या बाकावर नातवंडं-पतवंडं. त्या दिवशी माझ्या कामावरच्या स्लॅबचा तिसरा दिवस होता. कबरीत मूठभर माती टाकून मी तशीच कामावर गेले. वाफ्यांतलं पाणी बोटभर उरलं होतं. पाइप जोडला आणि कोपऱ्यातल्या वाफ्यापासून भरायला घेतलं.