बोल्ड इटॅलिक सॅन्स फॉन्ट वापरताना

बोल्ड इटॅलिक सॅन्स म्हणजे जाड, तिरका आणि बिनशेपटीचा फॉन्ट, वेग आणि जोर दोन्ही एकदम दाखवतो म्हणून स्पोर्ट्सचे लोगो, सेलचे बॅनर असल्या ठिकाणी मस्त दिसतो, पण अख्खा पॅराग्राफ त्यात टाकलात तर वाचणाऱ्याचे डोळे दुखणारच.

पहिलं काम, फॉन्टच्या फॅमिलीमधे (म्हणजे एकाच फॉन्टचे साधा, बोल्ड, इटॅलिक असे सगळे प्रकार) खरी बोल्ड इटॅलिक फाइल आहे का ते बघा. नसेल तर सॉफ्टवेअर साधी अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतं, मग इंग्रजी o चा गोल वेडावाकडा होतो, एका बाजूला जाड एका बाजूला बारीक. नीट काढलेल्या फॉन्टमधे हे हाताने सुधारलेलं असतं. इंग्रजी a हे अक्षर बघा, गिल सॅन्स फॉन्टमधे इटॅलिकला त्याचा आकारच बदलतो, हेल्व्हेटिकात फक्त झुकतो. (युनिव्हर्स फॉन्टमधे तर प्रकारांना नावाऐवजी नंबर, ६६ म्हणजे बोल्ड तिरका, मला ही आयडिया जाम आवडते.)

तिरकेपणा साधारण ८ ते १२ अंश पुरे. मोठ्या हेडिंगला अक्षरांमधली जागा थोडी कमी करा, लहान साइजला उलट वाढवा नाहीतर e आणि a ची पोकळी बुजते. आणि देवनागरीला हे करताना जपून, शिरोरेषा आडवीच राहते पण काने झुकतात, मात्रा शेजारच्या अक्षरावर चढतात, तिथे नुसतं बोल्ड बरं.